एक हजार आणि दोनशे तेवीस

मध्यंतरी बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, तर तिघाचौघांनी "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं. आमच्या वयाचं माणूस जरा गप्प बसलं की लोकांना आधी तब्येतच आठवते! तब्येत ठणठणीत आहे. घरात दोन कार्यं होती. ह्यांचं सहस्रचंद्रदर्शन आणि नातीचा, म्हणजे आमच्या चिऊचा, अठरावा वाढदिवस. दोन्ही डिसेंबर २०२५ च्या एकाच आठवड्यात. दोन्ही छान पार पडली. पण ती पार पडेपर्यंत जे झालं, त्यात मला माझीच एक जुनी खोड सापडली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

नातेवाईक मंडळी हे वाचतात, बेळगावच्या वन्संसुद्धा नातवाकडून वाचून घेतात, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते.

आधी थोडं गणित. (पस्तीस वर्षं शिकवल्यावर हात शिवशिवतो, त्याला इलाज नाही.) एक हजार पौर्णिमा पाहिल्या की सहस्रचंद्रदर्शन. वर्षाच्या बारा पौर्णिमा धरल्या तर १००० भागिले १२, म्हणजे ८३ वर्षे ४ महिने. मग लोक ते ८१ व्या वर्षात कसं करतात? हा प्रश्न आमच्या सूनबाईंनी विचारला, आणि प्रश्न चांगला होता. उत्तर आहे अधिक महिन्यात. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास येतो आणि येताना स्वतःची पौर्णिमा घेऊन येतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडंसं. त्याला हजाराने गुणलं की होतात ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. म्हणजे हजारातल्या तीसेक पौर्णिमा अशा वरकड पदरात पडतात.

आता ह्यांचा जन्म कधीचा? पत्रिकेत फेब्रुवारी १९४५, आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५! आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, त्याचं कारण तुम्हाला माहीत असेलच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबापांना तारीख विचारली की "पेरणीच्या आधी झाला" किंवा "थोरलीच्या पाठचा" अशी उत्तरं यायची. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत असे कितीतरी १ जून लिहिले आहेत. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेही त्याच दाखल्याच्या आधाराने, ३१ मे २००३ ला. "गुरुजींनी मला साडेतीन महिन्यांचा पगार जास्त मिळवून दिला," असं ते अजून म्हणतात.

पण चंद्राला दाखला चालत नाही. पत्रिका धरली, वही घेतली, तीनदा ताळा केला. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा फेब्रुवारी १९४५ च्या शेवटी. तिथून मोजत आलं की हजारावी येते ४ डिसेंबर २०२५ ला. मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती, गुरुवार.

गुरुवार म्हटल्यावर चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर मान हलवली असणार. "आई, गुरुवारी कोण येणार? सगळ्यांची ऑफिसं. रविवारी ७ तारखेला करू. आणि योगायोग बघ, ७ डिसेंबर म्हणजे चिऊचा वाढदिवस! तोही अठरावा! दोन्ही एकत्रच करून टाकू. हॉल एक, आचारी एक, पाहुण्यांची खेप एक."

मला तर आनंदाचं भरतंच आलं. आजोबांच्या हजार पौर्णिमा आणि नातीची अठरा वर्षं, एकाच मांडवात! सांगलीतलं एक कार्यालय सप्टेंबरमध्येच ठरवून टाकलं, अनामत भरली, दोनशे पानांचा अंदाज सांगितला. बेळगावला वन्संना फोन केला. त्या ह्यांच्या पाठच्या, वय ७६. त्यांचा मुलगा रविवारी गाडीने घेऊन येणार होता. त्या फोनवर रडल्याच.

मग चिऊला फोन केला. तेव्हाचं संभाषण मी जसंच्या तसं देते, कारण नंतर मी ते मनात खूप वेळा ऐकलं.

"चिऊ, अगं तुझा वाढदिवस आणि आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आपण एकत्र करतोय, सांगलीला. दोनशे माणसं येणार! तुला चालेल ना गं?"

"हो आजी, चालेल."

"बघ, मला माहीतच होतं. माझी नात समजूतदार आहे."

झालं. एका मिनिटात प्रश्न निकालात. मी वही उघडली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 'हे', उजवीकडे 'चिऊ'. ही माझी जुनी सवय, स्नेहसंमेलनापासूनची. काम विभागून लिहिलं की काही सुटत नाही.

डावी बाजू भराभर भरत गेली. गुरुजी आणि त्यांच्याबरोबरचे चौघे. पूजेसाठी चंद्राची चांदीची प्रतिमा. ह्यांना धोतर आणि उपरणं. कणकेचे ८१ दिवे, कोण कोण करणार त्यांची नावं, वाती, तूप. तुलेसाठी गूळ की वह्या? (वह्या ठरल्या, नंतर शाळेला देता येतात.) आमंत्रणपत्रिकेचा मजकूर, 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ ठळक अक्षरात. ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मंडळींचे पत्ते, त्यातले हयात किती हे बघून. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. पाहुण्यांची राहायची सोय. मधुमेहवाल्यांचं वेगळं पान.

ऑक्टोबर अखेर एका दुपारी सूनबाई आल्या होत्या, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. एक, दोन, तीन, चार. डावी बाजू चारही पानं खालपर्यंत भरलेली. उजव्या बाजूला पहिल्या पानावर एकच ओळ होती. 'केक. अंडं नसलेला.'

बस्स. चार पानांत एक ओळ. आणि त्या ओळीतसुद्धा मुलीला काय आवडतं ते नव्हतं, पूजेच्या घरात काय चालणार नाही तेवढंच होतं.

सूनबाई फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. वही मिटून म्हणाल्या, "आई, तुम्ही तिला विचारलंत, ते मला आवडलं. पण तुमच्यापुढे ती नाही म्हणेल का हो?"

मला राग आला. खरं सांगते, आला. एवढं सगळं मी करतेय, आणि वर हे! "तिने होय म्हटलं होतं," असं काहीतरी मी तोडून बोलले आणि चहा टाकायला आत गेले.

चहा उकळेपर्यंत मात्र मला १९६८ साल आठवलं.

मी त्या वर्षी एस. एस. सी. झाले. अकरावीची मॅट्रिक तेव्हा. आमच्या घरातली पहिली वर्गात पास होणारी मी पहिलीच मुलगी. मुलगी काय, मुलंसुद्धा त्याआधी दुसऱ्या वर्गाच्या पुढे गेली नव्हती. वडिलांनी परीक्षेच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "पहिला वर्ग आणलास तर गावात पेढे वाटीन." निकाल लागला जूनमध्ये, आणि थोरल्या भावाचं लग्न त्याच आठवड्यात. घरात पाय ठेवायला जागा नाही. मी पत्रावळी मोजत होते, तेव्हा पेपर घेऊन मामा आला. वडिलांनी नंबर बघितला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "पेढे लग्नातच वाटू. दोन-दोन कार्यं कशाला? पोरीला काय, ती समजूतदार आहे."

लग्नात पेढे वाटले गेले. ते लग्नाचे होते. घेणाऱ्यांपैकी एकालाही माझ्या निकालाचा पत्ता नव्हता, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? समजूतदार होते ना!

वडिलांनी मला पुढे शिकवलं, बी. ए. केलं, बी. एड. केलं, त्या काळात गावाचा रोष घेऊन केलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सत्तावन्न वर्षं झाली, माझा स्वतःचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस होऊन गेला, आणि तो न वाटलेला पेढा मला अजून आठवतो. म्हणजे काहीतरी राहिलं असणारच की.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त टोचली. नोकरीच्या पस्तीस वर्षांत मी किती प्रगतिपुस्तकं लिहिली असतील! शेऱ्याच्या रकान्यात मुलांना 'हुशार, पण खोडकर'. मुलींना 'शांत आणि समजूतदार'. हात आपोआप चालायचा. वर्गात बाकं कमी पडली की मी कुणाला खाली बसायला सांगायची? जी कुरकुर करणार नाही तिला. सहलीच्या गाडीत जागा नसली की कोणाला म्हणायची, "तू पुढच्या वर्षी ये हं"? तिलाच. वर कौतुक करायची, आणि मुलगी त्या कौतुकावर खूश होऊन जागा सोडायची. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कुणी हे वाचत असेल, तर तिला मी आता काय सांगू?

चहा उतू गेला. तो पुसला आणि नवा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिऊचा क्लास सुटायची वेळ बघून, मी तिला पुन्हा फोन केला. या वेळी प्रश्न आधी नीट लिहून काढला होता, प्रश्नपत्रिका काढायची तसा. उत्तर आतच दडलेला प्रश्न विचारायचा नाही, हे मी मुलांच्या परीक्षांत पाळत आले, घरात नाही पाळलं.

"चिऊ, समज आजोबांचं काही कार्यच नसतं. तर ७ तारखेला तू काय केलं असतंस?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "आजी, तू रागावणार नाहीस ना?"

"रागावले तर तसं सांगेन."

मग ती जी सुटली! तिच्या सात मैत्रिणी आहेत, पाचवीपासूनच्या. सगळ्या बारावीला. फेब्रुवारीत परीक्षा, मग प्रवेश परीक्षा, मग एक जण कुठे आणि दुसरी कुठे. एकीचं तर जूननंतर घरच दुसऱ्या राज्यात जाणार. सगळ्या एकत्र असतील असा हा शेवटचा डिसेंबर. इमारतीच्या गच्चीवर चादरी टाकून रात्रभर गप्पा मारायच्या, असं त्यांनी दहावीतच ठरवलेलं. केक ती स्वतः करणार होती, दोनदा करून पाहिला होता, एकदा मधून कच्चा राहिला. मतदारयादीचा अर्ज तिने सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊच भरून ठेवला होता, आणि ज्यांचा राहिला होता त्यांचा त्या रात्री सगळ्यांनी मिळून भरायचा होता. एवढं सगळं त्या मुलीच्या मनात तयार होतं, आणि माझ्या वहीत 'केक'.

"आणि आजी," शेवटी म्हणाली, "सांगलीच्या हॉलमध्ये मला सगळे 'केवढी मोठी झालीस गं' म्हणतील. पण माझ्या मैत्रिणी नसतील. पुण्याहून पाच तास त्या कशा येणार?"

मी म्हटलं, "मग तू त्या दिवशी चालेल का म्हणालीस?"

"तू 'चालेल ना' असं विचारलंस. 'चालेल का' असं नाही."

मराठीच्या शिक्षिकेला नातीने व्याकरण शिकवलं! एका 'ना'चा फरक. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

अठरा या आकड्याचं तिला एवढं का, हेही मग मला हळूहळू उमगलं. आमच्या वेळी अठराला फारसं काही नव्हतंच. मत मिळायचं एकविसाव्या वर्षी, मला मिळालं तसं. ते अठरावर आलं १९८९ साली, ६१ व्या घटनादुरुस्तीने. आणि मुलीच्या लग्नाचं कायद्यातलं वय माझ्या लहानपणी पंधरा होतं, ते अठरा झालं १९७८ साली. म्हणजे आमच्या काळी मुलगी अठरा वर्षांची झाली तर "अजून उजवली नाही?" एवढंच लोक विचारत. तिथे वाढदिवस कसला? आमचे वाढदिवस तिथीला व्हायचे, तेही लहानपणापुरते. पाटावर बसवायचं, आईने औक्षण करायचं, वाटीभर शिरा. चिऊच्या पिढीला मात्र त्या दिवशी खरोखर एक दार उघडतं. त्या दारातून जाताना आपली माणसं बरोबर असावीत असं वाटणं, यात चूक ती काय?

आता प्रश्न ह्यांचा. रात्री जेवताना सगळं सांगितलं. हे शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "मग गुरुवारीच करू की. पौर्णिमा गुरुवारी. रविवारी हॉल दुपारी चारला रिकामा करायचा आणि चंद्र उगवणार रात्री आठनंतर. माझं चंद्रदर्शन काय पंख्याखाली करणार होतात?"

मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात मनात आलं, अरेच्चा, हेही समजूतदार झाले की! म्हणून त्यांनाही सरळ विचारलं, "तुम्हाला खरंच काय हवंय? दोनशे माणसं हवी होती का?"

ते थांबले. "माणसांचं फार नाही. ऑफिसातले चार जण यावेत असं वाटत होतं, ते सांगलीतच आहेत, गुरुवारीही येतील. जिलबी हवी. आणि..." मग जरा वेळाने म्हणाले, "ती यायला हवी होती. बेळगावची."

म्हणजे फुकट काहीच सुटत नाही. गुरुवार धरला की वन्सं येऊ शकत नव्हत्या. त्यांच्या मुलाला आठवड्याच्या मधे रजा नव्हती आणि गुडघ्यांमुळे एस. टी. चा प्रवास त्यांना झेपत नाही. रविवार धरला की चिऊचा दिवस जात होता. दोघींपैकी एकीला आम्ही नाही म्हणणार होतो. वन्सं म्हणाल्या ते मी लपवत नाही. "पोरीच्या केकसाठी माझ्या भावाचं कार्य हलवलंत?" मी त्यांना समजावायला गेले, ते आणखी बिघडलं. गाडी पाठवते म्हटलं, तर "मला ओझं व्हायचं नाही" म्हणाल्या. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. शहात्तराव्या वर्षी भावाला ओवाळायची संधी पुन्हा पुन्हा येत नाही.

तरीही आम्ही गुरुवार ठरवला. हॉल रद्द केला, निम्मी अनामत परत मिळाली, नियम तसाच होता. चिरंजीव थोडे घुश्शात होते. मी सांगितलं, "हे माझ्यामुळे झालं असं सांग सगळ्यांना, चिऊचं नाव घेऊ नकोस."

दत्तजयंती म्हणजे आमच्या भागात केवढी गर्दी! नरसोबाची वाडी इथून जवळच, आणि आमच्या गुरुजींना दुपारी तिकडे पोचायचं होतं. म्हणून पूजा सकाळी सातला सुरू. चिऊ आणि तिचे आईवडील बुधवारी रात्रीच आले होते. कॉलेज बुडवून आली म्हणून मी काही बोलले नाही. तिने स्वतःहून यायचं ठरवलं होतं. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघी, मी, सूनबाई आणि चिऊ, कणकेचे दिवे वळत होतो. चिऊचे दिवे वाकडे व्हायचे, तेल सांडेल असे. मी नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तुला झाली ती गमतीचीच. मोठा तराजू मिळेना. शेवटी हळदीच्या पेठेतल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून इलेक्ट्रिक वजनकाटा आणला. हे धोतर सावरत त्याच्यावर उभे राहिले, ५८ किलो ४०० ग्रॅम. मग ते उतरले आणि तेवढं वजन होईपर्यंत चिऊने वह्या रचल्या, दोनशेच्या वर लागल्या. गुरुजी म्हणाले, "शास्त्रार्थ झाला." ऑफिसातले चौघे म्हातारे मित्र टाळ्या वाजवत होते. घरात मिळून पस्तीस माणसं होती आणि प्रत्येकाशी ह्यांचं बोलणं झालं. हॉलमध्ये ते झालं नसतं, एवढं नक्की.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. सूर्य मावळता मावळता पूर्वेला चंद्र वर आला होता. चांगला मोठा, त्या दिवशी तो पृथ्वीच्या बराच जवळ होता. ८१ दिवे लावले, वाऱ्याने त्यातले निम्मे विझत होते आणि चिऊ पुन्हा पुन्हा लावत होती. आधी मी ओवाळलं, मग सूनबाईंनी, मग चिऊने. मग चिरंजीवांनी मोबाइलवर बेळगावला व्हिडिओ कॉल लावला. वन्संनी तिकडे त्यांच्या अंगणात निरांजन लावून ठेवलं होतं! पलीकडून त्यांनी भावाला ओवाळलं. हे इकडे हात जोडून उभे. दोघांपैकी कुणाचाही आवाज नीट निघेना. फोनमधलं ओवाळणं पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पण दोघांच्या डोक्यावर चंद्र तोच होता.

खाली उतरताना चिऊने विचारलं, "आजी, माझ्या किती झाल्या गं?" मी वही आणली. जन्म ७ डिसेंबर २००७, पहिली पौर्णिमा त्याच महिन्यात २४ तारखेला. तिथून या पौर्णिमेपर्यंत, ही धरून, २२३. "म्हणजे अजून ७७७!" असं म्हणून ती आजोबांना सांगायला धावली.

शुक्रवारी सगळे पुण्याला परत गेले. निघताना ती माझ्या कानाशी लागली. "आजी, रविवारी तुला आणि आजोबांना बोलवलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हं. आम्हा मैत्रिणींचंच आहे."

वाईट वाटलं का? थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू! पण तिने ते तोंडावर सांगितलं, याचं बरंही वाटलं. सप्टेंबरातल्या चिऊने ते सांगितलं नसतं. 'चालेल आजी' म्हणून गप्प बसली असती आणि गच्चीत एका कोपऱ्यात आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या असत्या.

रविवारी रात्री साडेदहाला तिचा एक फोटो आला. चादरी, आठ मुली, मधे एक जरा खचलेला केक. खाली लिहिलं होतं, 'या वेळी मधून शिजला!' मी ह्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मागे चंद्रही आलाय बघ." खरंच आला होता, एका कडेने कमी झालेला.

सोमवारी सकाळी मी बाजारात गेले आणि पाव किलो पेढे आणले. हे विचारायला लागले, "आता कसले?" मी सांगितलं, "एस. एस. सी. चे. पहिला वर्ग." मग त्यांना सगळी हकीकत सांगितली. चोपन्न वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती. त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा मला भरवला आणि "अभिनंदन, बाई" म्हणाले.

संक्रांतीला आम्ही दोघं बेळगावला जाऊन आलो. चार दिवस राहिलो, वन्संनी ह्यांना समोर बसवून ओवाळलं. माझ्याशी त्या अजून थोड्या तुटक आहेत. ते जाईल किंवा राहील. मी त्यांना "वन्सं, तुम्ही तरी समजून घ्या" असं म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आले होते, तेवढ्यात गिळले. म्हटलं, "तुम्हाला राग आला, ते बरोबरच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिळगुळाचा डबा पुढे सरकवला.

असो. खूप लांबलं. तुमच्या घरातही कुणी 'समजूतदार' असेल, तर एकदा त्यांच्या बाजूचं पान उघडून बघा, किती ओळी आहेत ते.